बाळ रडलं की फोनला कळतं. तुम्हाला जाग येते का?

घरात तान्हं बाळ आहे. आई-वडील दोघंही कर्णबधिर, बाळाला मात्र चांगलं ऐकू येतं. अशा घरी दिवस कसाही निघतो, कारण नजर बाळावरच असते. अडचण रात्रीची. श्रवणयंत्र वापरणारे ते झोपताना काढून ठेवतात, कॉक्लिअर (शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं यंत्र) वापरणारेही त्याचा बाहेरचा भाग काढून ठेवतात, तेव्हा रात्री सगळे सारखेच. घरगुती उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत: बाळाच्या पोटावर हात ठेवून झोपायचं, पाळण्याची दोरी मनगटाला गुंडाळायची, सासूबाईंची गादी शेजारी घालायची. आणि घरात थोरली मुलगी असेल तर कुणी न सांगता ते काम तिच्याकडे जातं. सहा वर्षांची ताई रात्री उठते, आईला हलवते, "बाळ रडतंय" अशी खूण करते आणि पुन्हा झोपते. सगळे तिचं कौतुक करतात. पण सहा वर्षांच्या पोरीने रात्रपाळी करायची नसते. म्हणून आम्ही कुठलंही उपकरण एकाच कसोटीवर घासून बघतो: ते घरात आल्यावर ताईला सकाळपर्यंत झोपायला मिळतं का?

आज तपासायचं आहे ते गूगलचं फुकट मिळणारं ॲप, 'लाइव्ह ट्रान्स्क्राइब अँड नोटिफिकेशन'. यात दोन वेगळी कामं एकत्र बांधलेली आहेत. बोलणं ऐकून पडद्यावर अक्षरं उमटवणारा लाइव्ह ट्रान्स्क्राइबचा भाग २०१९ च्या फेब्रुवारीत आला. तो वॉशिंग्टनच्या गॅलोडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठाला सोबत घेऊन केलेला आहे. आजूबाजूचे आवाज ओळखून इशारा देणारा साउंड नोटिफिकेशन्सचा भाग २०२० च्या ऑक्टोबरमध्ये जोडला गेला. पहिल्या वर्षी उपयोग या दुसऱ्या भागाचा, मूल शाळेत गेलं की पहिल्याचा. काही अँड्रॉइड फोनमध्ये ते सेटिंग्जच्या ॲक्सेसिबिलिटीत आधीच बसवलेलं असतं, नसेल तर प्ले स्टोअरवरून घ्या.

फोन काय ऐकतो?

बाळाचे आवाज, दारावरची थाप, दारावरची बेल, धुराचा भोंगा, सायरन, कुणाचं ओरडणं, कुत्र्याचं भुंकणं, वाहतं पाणी, घरातल्या यंत्रांची बीप, फोनची रिंग. हवे ते चालू ठेवायचे, नको ते बंद करायचे. ओळखण्याचं काम फोनच्या आतच होतं. नेट लागत नाही, घरातला आवाज बाहेर कुठे जात नाही. वीज गेली आणि राउटर बंद पडला तरी फोनला चार्जिंग आहे तोवर हे चालतं, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही लहान गोष्ट नाही.

ॲप आवाजाची जात ओळखतं, नुसता मोठेपणा मोजत नाही. हाच त्याचा गुण आणि हीच त्याची मर्यादा. दिवसा मिक्सर, टीव्ही, रस्त्यावरचे हॉर्न यांच्या गर्दीतूनही ते रडणं वेगळं काढू शकतं. उलट बाळ नुसतं कुरकुरत असेल, उचकत असेल, तर ॲपच्या लेखी ते रडणं नसतंही. मोकळ्या गळ्याने सूर लागला की काही सेकंदांत इशारा येतो, हे गृहीत धरून चाला. रात्री वर कुठे मांजरांची भांडणं लागली तरी बाळाचा इशारा येऊ शकतो. ते आवाज माणसांनाही फसवतात, ॲपला दोष देण्यात अर्थ नाही. टीव्हीवरच्या मालिकेतलं बाळ रडलं तर तेही पकडलं जातं.

बसवताना लोक कुठे चुकतात

ॲप चालू केलं, माइकची परवानगी दिली, काम झालं असं वाटतं. दोन दिवस चालतं, तिसऱ्या रात्री गप्प. कारण बहुतेक वेळा बॅटरी वाचवणारी यंत्रणा असते. पडदा बंद होऊन तास-दोन तास झाले की बरेच फोन मागे चाललेली ॲप झोपवून टाकतात. म्हणून सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात हे ॲप, त्यात बॅटरी, आणि तिथे 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट' नावाचं वेगळं बटण असतं, तेही चालू हवं. अलीकडच्या ॲपच्या यादीत जाऊन त्यावर कुलूप लावता आलं तर लावा, म्हणजे 'सगळं साफ करा' दाबलं तरी ते टिकतं. अँड्रॉइडचं मोठं अपडेट आलं की ही सगळी बटणं परत तपासायची. अपडेटनंतर ती आपोआप जुन्या जागी गेलेली असू शकतात.

यानंतर 'डू नॉट डिस्टर्ब'. रात्री अकराला आपोआप सुरू होणारा झोपेचा मोड अनेक फोनवर आधीच लावलेला असतो. तो इशारे दाबून टाकतो, म्हणून या ॲपला त्यातून सूट द्यावी लागते. फोन सायलेंटवर असताना व्हायब्रेशन चालू राहील ना, हे एक वेगळं बटण असतं, तेही बघून घ्या.

आणि ऐकू न येणाऱ्या माणसाच्या सहज लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे फोनची रिंग. आपल्याला फरक पडत नाही म्हणून आवाज पूर्ण वर राहिलेला असतो. प्रत्येक इशाऱ्याला फोन टिंग-टिंग करतो, ताई जागी होते आणि बाळ आणखी घाबरून रडतं. इशाऱ्याचा आवाज शून्यावर आणा. फोन लाकडी टेबलावर किंवा स्टीलच्या कपाटावर ठेवला तर नुसत्या व्हायब्रेशनचाही खडखडाट होतो. खाली चार घड्यांचा टॉवेल घाला, पण फोनची खालची कड टॉवेलच्या बाहेर राहू द्या. माइकचं बारीक भोक तिथे असतं.

फोन बाळापासून साधारण एक ते दीड मीटरवर ठेवावा. झोळीत किंवा पाळण्यात ठेवू नये, उशीखाली तर मुळीच नाही. चार्जिंगला लावलेला फोन अंथरुणात तापतो. चार्जरची वायर पाळण्यापासून किमान एक मीटर लांब हवी, कारण सरकायला लागलेलं बाळ हाताला येईल ते ओढतं आणि वायर गळ्याभोवती जाऊ शकते. पाळण्याच्या दोरीचा जुना उपाय करणाऱ्यांनीही हेच जपावं. दोरीचं मोकळं टोक बाळाच्या बाजूला लोंबू देऊ नये.

पंख्याच्या आवाजाने बिघडेल का, असं पुष्कळ जण विचारतात. पंख्याची घरघर खालच्या सुरात असते, आणि तान्ह्या बाळाचा सूर साधारण ४०० ते ५०० हर्ट्झच्या आसपास लागून वर चढतो, त्यामुळे घरघरीने फारसं बिघडत नाही. बिघडतं वाऱ्याने. टेबलफॅनचा झोत थेट माइकवर आला की फोनला नुसता फडफडाट ऐकू जातो. फोन झोताच्या बाहेर ठेवा. पावसाळ्यात पत्र्याचं छप्पर असेल तर मात्र गोष्ट वेगळी. पत्र्यावरच्या पावसाचा आवाज वरपासून खालपर्यंत सगळ्या सुरांत पसरलेला असतो आणि रडणं त्यात बुडून जातं. कोकणातल्या जुलैच्या रात्री कुठल्याच माइकवर भरवसा ठेवू नये. बाळ त्याच खोलीत, स्वतःच्या गादीवर, पण हाताच्या अंतरावर असू द्या आणि गजरावर उठा.

इशाऱ्यासाठी ॲप फोनच्या मागच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश उघडझाप करतं. फ्लॅश मागे आहे, म्हणजे फोन नेहमीसारखा उताणा ठेवला तर उजेड टेबलात जातो आणि खोलीत काहीच दिसत नाही. फोन पालथा ठेवा. मग उजेड छतावर जाऊन खोलीभर पसरतो. पांढरी मच्छरदाणी असेल तर आणखी चांगलं, सगळी जाळी उजळते. पण उजेड बाळाच्या डोळ्यांवर थेट पडता कामा नये.

कडी तुटते ती इथे

इथवर सगळं नीट केलं तरी ताई उठतेच. कारण ऐकण्याचं काम फोनने बरं केलं, उठवण्याचं काम त्याला जमत नाही. फ्लॅशने काही जण चटकन उठतात, काहींना भिंतीकडे तोंड करून झोपल्यावर काही कळत नाही. टेबलावर थरथरलेला फोन अंथरुणातल्या अंगाला लागत नाही. शिवाय गजरासारखं कुणीतरी बंद करेपर्यंत वाजत राहणं या इशाऱ्यात नाही. तो येतो आणि थांबतो. बाळ रडत राहिलं तर पुढचा इशारा येईल, पण गाढ झोपेतल्या माणसाला चार झटके पुरत नाहीत. नवी बाळंतीण तर झोपेची भुकेलेलीच असते.

म्हणून नुसत्या ॲपला, एकट्याने वापरायचं तर, रात्रीसाठी आमचे पाचात दोन गुण. मनगटावर काहीतरी बांधलं की ते साडेतीनवर जातात.

मनगटावर दोन प्रकारची यंत्रं चालतात. वेअर ओएस, म्हणजे गूगलची घड्याळांसाठीची प्रणाली, असलेलं घड्याळ या ॲपला सरळ जोडता येतं, कुठला आवाज आला ते पडद्यावर दिसतं आणि झटकाही दमदार असतो. अडचण चार्जिंगची. या घड्याळांची बॅटरी साधारण दिवसभर पुरते, आणि लोक सवयीने रात्रीच ती चार्जिंगला लावतात. सवय मोडा. संध्याकाळी बाळाचं दूध, मालिश, दिवाबत्ती चालू असताना चार्ज करा आणि झोपताना हातात घाला. दुसरा प्रकार म्हणजे दोन-तीन हजारांतला साधा बँड. तो ॲपला ओळखत नाही, पण फोनवर आलेली सूचना मनगटावर पाठवतो. बँडच्या स्वतःच्या ॲपमध्ये जाऊन कुठल्या सूचना पुढे पाठवायच्या त्या यादीत हे ॲप निवडावं लागतं. बहुतेकांचं नेमकं हेच राहून जातं. शिवाय बँडला आपण झोपलोय हे कळलं की तो स्वतःच गप्प बसू शकतो. हे 'स्लीप डीएनडी', म्हणजे झोपेतलं 'डू नॉट डिस्टर्ब', बंद करा. बँड सैल असला तर झटका हाडापर्यंत पोचत नाही, तेव्हा रात्री एक भोक घट्ट.

ब्लूटूथची पोच मोकळ्या जागेत दहाएक मीटर, विटांची भिंत मध्ये आली की कमी. फोन बाळाच्या खोलीत आणि आई स्वयंपाकघरात असेल तर मधलं दार उघडं ठेवून आधी तपासून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचा सापळा. कर्णबधिर माणसाचा फोन म्हणजे व्हिडिओ कॉल. साइनमध्ये, म्हणजे हातांच्या सांकेतिक भाषेत, बोलायचं तर तोच रस्ता. व्हिडिओ कॉल चालू असताना माइक कॉलच्या ताब्यात असतो आणि आवाज ओळखणाऱ्या ॲपच्या वाट्याला शांतता येते. आपल्याला माइक लागत नाही म्हणून आपण तो म्यूट करतो, पण त्याने तो दुसऱ्या ॲपला मोकळा होतोच असं नाही. म्हणजे बहिणीशी अर्धा तास गप्पा मारल्या तर तो अर्धा तास फोन बाळाचं काहीच ऐकत नाही, आणि पडद्यावर तसं कुणी सांगतही नाही. उपाय एकच, पण चांगला आहे: घरातला जुना फोन बाळासाठी वेगळा काढा. सिम नको, नेट नको, पडद्याला तडा गेला असला तरी चालेल. त्यावर फक्त हे ॲप आणि बँडचं ॲप. बँड त्याच फोनला जोडायचा. आपला रोजचा फोन मग कॉलसाठी मोकळा राहतो. जुन्या फोनची बॅटरी फुगलेली असेल तर मात्र तो वापरू नका.

पहिले सहा आठवडे

नवजात बाळाला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावं लागतं, म्हणजे दर दोन-तीन तासांनी. रडणं ही भुकेची शेवटची खूण आहे. त्याआधी बाळ तोंड वळवून शोधतं, मुठी तोंडात घालतं, जीभ बाहेर काढतं, आणि हे सगळं डोळ्यांना दिसतं. म्हणून या काळात रडण्याच्या इशाऱ्यावर विसंबू नका. बँडवर दर अडीच तासांनी थरथरणारा गजर लावा, उठा, मंद दिव्यात बाळाकडे बघा. अशक्त, कमी वजनाचं किंवा कावीळ झालेलं बाळ भूक लागूनही रडत नाही. ॲपला शांतता ओळखता येत नाही. ताप, उलटी, श्वासाची धाप यातलं काहीच त्याला कळत नाही. गूगलने आणि ॲपलनेही या सोयीवर जिवाच्या प्रसंगी विसंबू नये असं स्वतःहून लिहून ठेवलं आहे, आणि ते ओळीगणिक खरं आहे.

उशाखालचा थरथरता गोळा

कर्णबधिरांसाठीच बनवलेल्या यंत्रणा वेगळ्या मिळतात. स्वीडनच्या बेलमन अँड सिम्फॉन कंपनीचं नाव त्यात जुनं. बाळाजवळ एक ट्रान्समीटर, पालकांजवळ रिसीव्हर, आणि रिसीव्हरला वायरने जोडलेला बेड शेकर, म्हणजे उशीखाली ठेवायचा थरथरणारा गोळा. दार, फोन, बाळ यांचे इशारे एकाच रिसीव्हरवर वेगवेगळ्या दिव्यांनी दिसतात. हा ट्रान्समीटर आवाजाची जात ओळखत नाही, ठरवलेल्या पातळीवर आवाज गेला की कळवतो. दिवसा यामुळे वैताग येतो, कुकरची शिट्टीही बाळच वाटते. रात्री मात्र हाच साधेपणा कामाचा. ओळख चुकली म्हणून रडणं सुटलं, असं यात होत नाही. आमचं मत स्पष्ट आहे: दिवसा ॲप, रात्री शेकर. पैसे एकाच गोष्टीवर घालता येत असतील तर ते शेकरवर घाला, कारण ॲप तर फुकटच आहे.

शेकर गादीखालीही ठेवता येतो असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं, पण ते फोमच्या गादीला लागू. आपली कापसाची जड गादी कंप गिळून टाकते. गोळा उशीच्या अभ्ऱ्यात, उशीच्या खालच्या अंगाला सरकवा. वायर डोक्याच्या बाजूने पलंगाबाहेर काढा, बाळाच्या बाजूने नको. लाकडी पलंगाच्या फळीला गोळा टेकला तर सगळा पलंग करकरतो, आणि त्याने ऐकू येणारी पोरं उठतात. फळीवर घोंगडी घाला. दोघांच्या दोन उश्यांपैकी ज्याची पाळी असेल त्याच्या उशीत गोळा ठेवला तर निदान एक जण पूर्ण झोपतो.

ही यंत्रणा बहुधा परदेशातूनच मागवावी लागते आणि खर्च बँडच्या कित्येक पट येतो. भाऊ लंडनहून किंवा नणंद न्यू जर्सीहून आणणार असेल तर दोन गोष्टी विचारा. युरोपातली आणि अमेरिकेतली यंत्रं वेगवेगळ्या रेडिओ फ्रीक्वेन्सीवर चालतात, त्यामुळे एकीकडचा ट्रान्समीटर दुसरीकडच्या रिसीव्हरशी जुळत नाही. सगळा संच एकाच देशातून घ्या, आणि ती फ्रीक्वेन्सी भारतात परवान्याशिवाय वापरता येते का, हे आधी विचारून घ्या. दुसरं, ॲडॉप्टर उलटा करून त्यावरची बारीक अक्षरं वाचा. इनपुटसमोर १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टवर चालेल. नुसतं १२० लिहिलं असेल तर आपल्या प्लगात पहिल्याच दिवशी जळेल. शिवाय वीज गेल्यावर रिसीव्हर सेलवर चालतो का, तेही बघा.

आयफोनवाल्यांसाठी थोडक्यात. ॲपलने २०२० मध्ये आयओएस १४ बरोबर 'साउंड रेकग्निशन' दिलं. सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, साउंड रेकग्निशन असा रस्ता, आणि आवाजांच्या यादीत बाळाचं रडणं आहे. आयओएस १६ पासून आपल्या घरची बेल किंवा यंत्राचा आवाज त्याला शिकवता येतो. ॲपल वॉच असेल तर इशारा मनगटावर येतो. फ्लॅश हवा असेल तर तो ॲक्सेसिबिलिटीतच ऑडिओ अँड व्हिज्युअलमध्ये वेगळा चालू करावा लागतो. उठवण्याची अडचण इथेही तीच.

मूल बोलायला लागल्यावर

आता लाइव्ह ट्रान्स्क्राइब. मराठी येते, आणि शहरी प्रमाण मराठी चांगली येते. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी वळण आलं की शब्द भरकटतात. मराठीसाठी नेट लागतं असं धरूनच चाला. पहिली आणि दुसरी भाषा निवडून ठेवता येते आणि एका बटणाने बदलता येते. शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तर मराठी आणि इंग्रजी लावून ठेवा. मुलाचं नाव, बाईंचं नाव, शाळेचं नाव ॲपच्या शब्दयादीत आधी घाला, नाहीतर प्रत्येक वेळी नवीनच काहीतरी उमटतं. लिहिलेलं तीन दिवस साठवून ठेवायची सोय आहे, पालकसभेच्या आधी ती चालू करा.

दोन-तीन वर्षांच्या मुलाचं बोलणं त्याला कळत नाही. बोबडे बोल, अर्धे शब्द, मध्येच ओरडणं, यावर असली यंत्रं शिकलेली नसतात. पाचव्या-सहाव्या वर्षी बरंच सुधारतं. पण आम्ही म्हणू, आपल्या मुलाशी बोलण्यासाठी हे वापरूच नका. तुमची आणि त्याची भाषा साइन आहे. मध्ये फोन धरला की मूल फोनकडे तोंड करून बोलायला लागतं, चेहरा बघायचं सोडतं आणि हात थांबतात. ते बोलकी मराठी आजी-आजोबांकडून, अंगणवाडीतून, शेजारच्या पोरांकडून घेतंच. घरात साइन केल्याने मुलाचं बोलणं खुंटतं असं सांगणारे नातेवाईक भेटतात, त्यांचं ऐकू नका. दोन भाषा मुलाला पेलतात, मराठी आणि हिंदी पेलतात तशाच.

हे ॲप आहे ते बाकीच्या जगाशी बोलायला: शाळेच्या बाई, बालरोगतज्ज्ञ, स्कूल व्हॅनचे काका, वाढदिवसाला बोलावणारी मैत्रिणीची आई. एरवी ही सगळी बोलणी मुलाच्या हातून होतात. पालकसभेत आठ वर्षांच्या मुलालाच "तुझं गणित कच्चं आहे असं आईला सांग" म्हणतात. ते काय सांगेल आणि काय गाळेल हे वेगळं सांगायला नको.

वर्गात चाळीस पालक एकदम बोलत असताना टेबलावर ठेवलेला फोन निरुपयोगी. पडद्याच्या कोपऱ्यात दोन वर्तुळं असतात, आतलं आजूबाजूच्या गोंगाटाचं, बाहेरचं बोलणाऱ्याच्या आवाजाचं. बाहेरचं वर्तुळ आतल्यापेक्षा स्पष्ट मोठं दिसलं तरच अक्षरं बरोबर येतात. ते मोठं करण्याचा स्वस्त उपाय म्हणजे वायरचा कॉलर माइक, जो बाईंच्या पदराला किंवा ओढणीला लावायचा. घेताना पिन बघा. ३.५ मिलिमीटरच्या पिनेवर तीन काळ्या रेघा हव्यात. दोनच असतील तर तो माइक कॅमेऱ्यासाठीचा आहे, फोनला चालत नाही. फोनला गोल भोक नसेल तर टाइप-सीचा घ्या. बाईंना माइक द्यायचं अवघड वाटत असेल तर फोन त्यांच्याच हातात द्या, तोंडापासून वीतभर अंतरावर, आणि तुम्ही शेजारी बसून वाचा. उत्तर द्यायला कीबोर्डचं बटण आहे, तुमची ओळ मोठ्या अक्षरात त्यांना दाखवता येते. वर्गाच्या ग्रुपवर आवाजी निरोप येत असतील तर एका फोनवर तो वाजवा आणि दुसऱ्या फोनवर हे ॲप धरा, चालतं.

डॉक्टरांकडे मात्र हात आखडता ठेवा. 'सात' आणि 'साठ' यांत ॲप गोंधळू शकतं. पॅरासिटामॉलचंच बघा. पाच मिलिलिटरला १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं सिरप मिळतं, २५० चंही मिळतं, आणि तान्ह्यांचे थेंब तर एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचे असतात. थेंबांच्या बाटलीतून सिरपइतकं औषध गेलं तर मात्रा कितीतरी पटीने वाढते. म्हणून औषधाचं नाव, ताकद, किती मिलिलिटर आणि किती तासांनी, हे चारही कागदावर लिहून घ्या, पडद्यावर वाचलेलं धरू नका. मोठा निर्णय असेल, ऑपरेशन किंवा संमतीपत्र, तर साइनचा दुभाषा मागा. हे ॲप आवाजाची अक्षरं करतं, साइन करत नाही. ज्यांची पहिली भाषा साइन आहे त्यांच्यासाठी मराठी वाचणं हे दुसऱ्या भाषेतलं वाचणं आहे, आणि डॉक्टरांची मराठी आणखी पुढची. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्राचा कोश २०२१ मध्ये दहा हजार शब्दांवर गेला, त्यात वैद्यकीय शब्दही आहेत. दवाखान्यात जायच्या आधी ते बघून ठेवावेत.

शाळेसाठी आम्ही याला चार गुण देतो, दवाखान्यासाठी अडीच.

विकत काही घेण्याआधी आणि घेतल्यावरही एक चाचणी करा, बँड परत करायची मुदत संपायच्या आत. दिवसा दुसऱ्या फोनवर रडण्याचा आवाज लावून एक मीटरवर, तीन मीटरवर, पंखा पाचवर ठेवून, दार बंद करून बघा. मग सात रात्री घरातल्या ऐकू येणाऱ्या एका मोठ्या माणसाला, आजी असो की मावशी, बाळाच्या खोलीबाहेर झोपवा. तिने वहीत फक्त दोन गोष्टी लिहायच्या: बाळ किती वाजता रडलं आणि आई किती वाजता उठली. पाच मिनिटांत कुणी उठलं नाही तर तिने उठवायचं. ॲपमध्ये गेल्या काही तासांतल्या आवाजांची नोंद वेळेसकट दिसते, ती सकाळी वहीशेजारी ठेवा. वहीत रडणं आहे आणि ॲपमध्ये नाही, तर फोनची जागा चुकली किंवा बॅटरीचं बटण राहिलं. ॲपमध्ये आहे पण आई उठली नाही, तर बँड बदला किंवा शेकरचा विचार करा. आणि त्या सात रात्री ताईची गादी दुसऱ्या खोलीत घाला.